पिंपरीची सिएरा विकताना

टाटांच्या टेल्को कंपनीतल्या 1989 च्या संपाची आठवण पिंपरी-चिंचवडमधली जुनी माणसं अजून काढतात. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1991 मध्ये, त्याच पिंपरीच्या कारखान्यातून टाटा सिएरा बाहेर पडली. तोवर टेल्को म्हणजे ट्रक. 1988 मध्ये टाटामोबाइल पिकअप आली होती. तिच्याच सांगाड्यावर, 1948 सीसीचं डिझेल इंजिन ठेवून, कंपनीने आपली पहिली प्रवासी गाडी उभी केली. वातानुकूलन, बटणाने वर-खाली होणाऱ्या काचा आणि मागच्या दारावर लटकवलेलं स्टेपनीचं चाक, असा थाट रस्त्यावरच्या फियाट आणि अ‍ॅम्बॅसेडरच्या गर्दीत कुणी पाहिला नव्हता. मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून आत शिरायचं, कारण माणसांसाठी दारं दोनच. कुटुंबवत्सल मराठी माणसाने तिच्याकडे कौतुकाने पाहिलं आणि 1994 मध्ये आलेली सुमो घेतली. सिएराचा खप बेताचाच राहिला आणि नव्या शतकाच्या सुरुवातीला ती बंद झाली.

म्हणूनच आज नीट राखलेली, त्यातही फोर-व्हील-ड्राइव्ह सिएरा विकायला निघाली की चाकण-भोसरीत बातमी पसरते. 2025 च्या नोव्हेंबरात पाच दारांची नवी सिएरा आली आणि जुन्या गाड्यांच्या मालकांच्या मनातले भावही वर सरकले. भाव मनात असणं वेगळं आणि हातात पडणं वेगळं.

या गाडीचा जीव तिच्या मागच्या काचांत आहे. बाजूची काच खिडकीपाशी थांबत नाही, वर वळून छपराकडे जाते. ती उघडत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात एसी बंद पडला की मागे बसलेल्यांची भट्टी होते. ही काच फुटली तर नवी दुकानात मिळत नाही. सपाट काच कापून बसवता येते, वळणाची येत नाही. तिच्यासाठी साचा लागतो. काही जण फायबरचा किंवा पत्र्याचा तुकडा बसवून मोकळे होतात. त्या क्षणी ती सिएरा राहत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. गाडी बघायला गेलात तर इंजिनाआधी काचेच्या रबराखाली बोट फिरवा. तिथे पाणी मुरलं असेल तर आतला पत्रा गंजलेला असतो आणि वरचा रंग कितीही चकचकीत असला तरी रोग आत चालूच असतो.

दुसरी गोष्ट फोर-व्हील-ड्राइव्हची. मागच्या दारावर ‘4x4’ लिहिलंय म्हणून विश्वास ठेवायचा नाही. खाली वाकायचं आणि पुढच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट आहे का ते बघायचं. कंटाळून किंवा डिझेल वाचवायला तो काढून कोपऱ्यात टाकणारे मालक कमी नाहीत. शाफ्ट असला तर गाडी मातीच्या मोकळ्या जागेत न्यायची आणि लो रेंज टाकून हळू चालवायची. डांबरी रस्त्यावर ही परीक्षा घेऊ नये. अशा जुन्या पद्धतीच्या यंत्रणेत पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल ट्रान्सफर केसमध्ये एकमेकांना बांधले जातात. वळताना दोघांना वेगवेगळं अंतर कापायचं असतं. मातीत चाक थोडं घसरून हा हिशेब मिटवतं. डांबरावर घसरायला वाव नसतो, मग टायर किंचाळतात, सांधे ताणले जातात आणि लिव्हर अडकून बसते. हे ठाऊक नसलेला विक्रेता पक्क्या रस्त्यावर फोर-व्हील टाकून फुशारकी मारत असेल, तर त्याने गाडी कशी वापरली असेल ते समजून घ्यावं.

या पट्ट्यात एक मोठी सोय आहे. भोसरी, तळवडे, चिखलीच्या लघुउद्योगांत लेथवर बसलेला कारागीर नमुना दिला की बुश, पिन, ब्रॅकेट बनवून देतो. आयुष्यभर मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवलेले हे हात आहेत. चिखलीजवळच्या कुदळवाडीतली भंगाराची गोदामं मात्र 2025 च्या फेब्रुवारीत महापालिकेने हजारो बांधकामांसह पाडली. जुना माल शोधायला आता पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवार धरावा लागतो.

आता पैशाचं. पत्राकाम, रंग, इंजिन, सीट यांवर घातलेला सगळा खर्च किमतीत वसूल होत नाही. रविवार खर्च केले, त्याचे तर नाहीच नाही. गिऱ्हाईक पैसे देतं ते मूळ काचेला, चालू फोर-व्हीलला आणि स्वच्छ कागदांना. कागदांत तर भलेभले अडकतात. नोंदणीपुस्तकावर जुन्या कर्जाचा बोजा तसाच असतो आणि कर्ज देणारी फायनान्स कंपनीच गुंडाळलेली असते. इंजिन बदललेलं असतं, पण आरटीओत त्याची नोंद नसते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फेरनोंदणी लागते. वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी तिचं शुल्क 2025 मध्ये केंद्राने दहा हजार रुपये केलं, शिवाय राज्याचा पर्यावरण कर. दिल्लीचं गिऱ्हाईक तर जवळपास संपलंच, कारण 2015 मध्ये हरित लवादाने राजधानी परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली.

विकणाऱ्याने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. मालकी हस्तांतराच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून किल्ली दिली म्हणजे सुटका झाली, असं नाही. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की, गाडी प्रत्यक्षात कितीही हात फिरली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आरटीओच्या नोंदीत नाव असलेल्या मालकावरच राहते. तेव्हा घेणाऱ्याला सोबत घेऊन एमएच-14 च्या आरटीओ कार्यालयात जा, नाव बदलल्याचं बघा, मगच पेढे वाटा.

आणि जाहिरातीत ‘व्हिंटेज’ लिहू नका. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार त्यासाठी गाडी पन्नास वर्षांवरची लागते. पहिल्या सिएरालाही तो मान 2041 च्या आधी मिळणार नाही.