'कातीव' या शब्दामागचे लाकूड

'कातीव' हा शब्द आपण सहज वापरतो. नाक कातीव असते, देवळाचा खांब कातीव असतो, एखाद्या लेखकाची वाक्येही कातीव असतात. शब्द भाषेत स्थिरावला. पण ज्या कामातून तो आला ते काम आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिले आहे. संस्कृतात 'कृत्' या रूपाचे दोन धातू आहेत. एकाचा अर्थ कापणे, दुसऱ्याचा सूत कातणे. लाकूड कातणाऱ्या कातारीच्या हातात हे दोन्ही अर्थ एकत्र येतात : फिरवणे आणि कापणे.

या विषयाकडे मी वळलो तो एका घासाघिशीमुळे. एका प्रदर्शनात लाकडी वाडगा घेताना तो पुरता गोल नाही, असे म्हणून मी किंमत पाडून मागितली. कारागीर एवढेच म्हणाला, "कातला तेव्हा गोलच होता." मला ती सबब वाटली. ती सबब नव्हती, हे कळायला मला चरकापाशी जावे लागले.

सुताराच्या बहुतेक कामांत लाकूड स्थिर असते आणि हत्यार चालते. चरकावर, म्हणजे आजच्या लेथवर, लाकूड फिरते आणि पटाशी टेकूवर स्थिरावते. जुन्या पद्धतीत कातारी जमिनीवर बसून एका हाताने कमान मागेपुढे ओढी. दुसऱ्या हाताने आणि पायाच्या बोटांनी पटाशी सांभाळी. लाकूड आलटून पालटून दोन्ही दिशांना फिरे आणि कापले जाई ते एकाच फेऱ्यात. विजेच्या मोटरीने हा खंड संपवला, पण हाताचा नियम तोच राहिला. धारेमागचा उतार आधी लाकडावर टेकवायचा, मग मूठ हळूहळू उचलायची. धार लागली की साल निघू लागते. धार आधी लावली, तर पटाशी लाकडात रुतते आणि हाताला हिसका बसतो.

वेगाचेही तसेच. मिनिटाला १००० फेरे धरले, तर ३ सेंटीमीटर जाडीच्या लाटण्याचा पृष्ठभाग मिनिटाला सुमारे ९४ मीटर धावतो. ३० सेंटीमीटरच्या परातीची कड ९४० मीटर. म्हणून वस्तू जितकी रुंद, तितका चरक संथ.

खरे शास्त्र मात्र तंतूंचे आहे. लाटण्यात तंतू लांबीच्या दिशेने असतात. म्हणून पटाशी जाड भागाकडून बारीक भागाकडे उतरते. वाडग्यात तंतू आडवे येतात आणि नियम उलटतो : बाहेरून तळाकडून काठाकडे, आतून काठाकडून तळाकडे. दोन्ही नियमांचे कारण एकच. कापल्या जाणाऱ्या तंतूच्या पाठीशी दुसऱ्या तंतूचा आधार हवा. आधार नसेल, तर तंतू कापला न जाता उपटला जातो आणि लाकडावर खरखरीत ओरखडे उरतात.

लाखेच्या रंगातही हेच फिरणे कामी येते. कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या खेळण्यांवर कुंचला चालत नाही. रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते, मग केवड्याच्या जातीच्या पानाने तिला झळाळी देतात. सावंतवाडीच्या चितारआळीतली रंगवलेली लाकडी फळे पाहिली की फरक कळतो. तिथे रंग चित्रकाराच्या हातून येतो, इथे चरकाच्या फेऱ्यातून.

आता वाडग्याकडे. ओले लाकूड वाळताना सगळ्या बाजूंनी सारखे आकसत नाही. तंतूंच्या लांबीत ते जवळपास आकसतच नाही. आडवे आकसते, आणि त्यातही वाढीच्या वलयांना समांतर दिशेने, गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेच्या साधारण दुप्पट. म्हणून ओला कातलेला गोल वाळल्यावर लंबगोल होतो. तो गोलच राहावा असे वाटत असेल, तर आधी ओबडधोबड कातून भिंत व्यासाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकी जाड ठेवायची, कित्येक महिने वाळवायचा आणि पुन्हा चरकावर चढवायचा. एका वाडग्यासाठी दोनदा कातणे आणि मधली सारी वाट पाहणे. ही वाट पाहण्याची किंमत कोणत्याच चिठ्ठीवर लिहिलेली नसते. ती न कळणारे गिऱ्हाईक गोलाई मागते आणि पैसे मात्र एकदाच कातल्याचे देते. अशा बाजारात कातारी दुसऱ्यांदा कशासाठी कातेल?

तो वाडगा माझ्या टेबलावर आहे. परवा पट्टी लावली : तंतूंच्या दिशेने २० सेंटीमीटर, आडवा १९. उणा झालेला तो एक सेंटीमीटर मी कारागिराच्या पदरी घातला होता. हिशेब लाकडाचा होता.