स्प्रेड स्पेक्ट्रम : गैरसमज आणि वस्तुस्थिती

एखाद्या संदेशाला वारंवारतेची जेवढी जागा पुरते, तिच्या कितीतरी पट रुंद पट्ट्यात तो मुद्दाम पसरवून पाठवणे म्हणजे स्प्रेड स्पेक्ट्रम. पसरवण्याचा नमुना, म्हणजेच कोड, संदेशातून येत नाही. तो पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्याला आधीपासून ठाऊक असतो. जीपीएस, ब्लूटूथ, सीडीएमए मोबाइल आणि सुरुवातीचे वाय-फाय हे सारे याच कुळातले. ही पद्धत व्यत्ययाला पुरून उरते अशी तिची ख्याती आहे आणि ती खोटी नाही. मात्र कोणत्या व्यत्ययाला, किती आणि कशाच्या जोरावर, याबाबत बरेच गैरसमज आहेत.

सर्वांत रुळलेला समज असा की, पसरवल्याने सिग्नल बळकट होतो. खरे तर शक्ती तेवढीच राहते आणि रुंद पट्ट्यात वाटली गेल्यामुळे प्रत्येक वारंवारतेच्या वाट्याला फार थोडी येते. जीपीएसचा नागरी सिग्नल सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येतो. जमिनीवर पोहोचतो तेव्हा, एका वॅटचे दहा हजार लाख कोटी भाग केले तर त्यातला जेमतेम एक-दीड भाग उरलेला असतो. रिसीव्हरच्या दोन मेगाहर्ट्झ रुंद पट्ट्यातला उष्णतेचा स्वाभाविक गोंगाट याहून पन्नासपटींपेक्षाही मोठा असतो. मोजपट्टी लावली तर तिथे नुसता गोंगाटच दिसतो.

त्यातून संदेश निघतो तो कोडमुळे. उपग्रह सेकंदाला फक्त ५० बिट पाठवतो. पण प्रत्येक बिटाला अधिक एक आणि उणे एक यांच्या ठरावीक मालिकेने गुणतो. या मालिकेतल्या घटकांना चिप म्हणतात. चिपांचा वेग सेकंदाला १०,२३,००० आणि मालिका १,०२३ चिपांची, म्हणून ती दर मिलिसेकंदाला नव्याने सुरू होते. एका बिटाच्या वाट्याला अशा २० मालिका, म्हणजे २०,४६० चिपा येतात. रिसीव्हर तीच मालिका स्वतः तयार करतो, नेमक्या क्षणाशी जुळवतो आणि आलेल्या सिग्नलला तिने पुन्हा गुणतो. एकाला एकाने गुणले काय किंवा उणे एकाला उणे एकाने गुणले काय, उत्तर एकच. कोड स्वतःच स्वतःला खोडतो आणि मूळ ५० बिटांचा अरुंद सिग्नल उरतो. वाटेत घुसलेल्या परक्या अरुंद लहरीचे मात्र उलटे होते. तिला कोडने एकदाच गुणले जाते, त्यामुळे ती पट्टाभर पसरते. पुढच्या अरुंद फिल्टरमधून तिचा साधारण वीस हजारावा हिस्साच आत येतो. व्यत्ययाविरुद्धची सारी ताकद या एका उलटापालटीत आहे. बिटाचा वेग आणि चिपांचा वेग यांच्या या गुणोत्तराला प्रक्रिया-लाभ म्हणतात.

याच आकडेमोडीतून दुसरा गैरसमज दूर होतो. स्प्रेड स्पेक्ट्रम नैसर्गिक गोंगाटावर मात करते, असे पाठ्यपुस्तकांच्या सारांशातही कधीकधी लिहिलेले आढळते. ते बरोबर नाही. उष्णतेचा गोंगाट मुळातच सगळीकडे पसरलेला असतो. त्याला कोडने गुणले तरी तो होता तसाच राहतो. पट्टा वीस हजारपट रुंद केला तेव्हा वीस हजारपट गोंगाट आत आला, नंतर फिल्टरने तेवढाच बाहेर गेला. हिशेब शून्यावर येतो. फायदा होतो तो मर्यादित शक्तीच्या, विशेषतः अरुंद पट्ट्यात एकवटलेल्या व्यत्ययाविरुद्ध.

म्हणून ‘स्प्रेड स्पेक्ट्रम जॅम करता येत नाही’ हे विधानही टिकत नाही. एक वॅटचा साधा जॅमर मोकळ्या दृष्टिरेषेत १० किलोमीटरवर ठेवला, तरी जीपीएस रिसीव्हरपाशी त्याची शक्ती उपग्रहाच्या सिग्नलच्या सुमारे सोळा हजारपट भरते. प्रक्रिया-लाभ वीस हजारपटींचा. म्हणजे जवळजवळ सगळी शिल्लक तिथेच खर्ची पडते आणि संदेश वाचता येण्याइतका फरक उरत नाही. जॅम करणे अशक्य होत नाही, महाग होते. अंतराळातून आलेल्या क्षीण सिग्नलच्या बाबतीत तर तेही फारसे महाग पडत नाही.

पसरवणे म्हणजे गुप्तता, हाही असाच एक समज. त्याचा उगम लष्करी वापरात आहे : कोड लांबलचक आणि गुप्त असेल तर सिग्नल शोधणे खरोखरच अवघड जाते. पण जीपीएसचा नागरी कोड सर्वांसाठी प्रसिद्ध केलेला आहे, आणि भारताच्या नाविक प्रणालीतला खुल्या सेवेचा कोडही. कोणालाही रिसीव्हर बनवता यावा हाच त्यामागचा हेतू. त्याची दुसरी बाजू अशी की, कोणालाही नकली सिग्नल बनवता येतो. मजकूर गुप्त ठेवायचा तर सांकेतिकीकरण वेगळे करावे लागते.

पसरवण्याचा दुसरा प्रकार म्हणजे वारंवारता सतत बदलत राहणे. मूळ ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात प्रत्येकी एक मेगाहर्ट्झच्या ७९ चॅनलांवर सेकंदाला १,६०० वेळा उडी मारते. एका चॅनलवर मुक्काम ६२५ मायक्रोसेकंदांचा. उड्यांमुळे टक्कर होतच नाही, असे मानले जाते. पण शेजारचे वाय-फाय सुमारे २० मेगाहर्ट्झ जागा अडवून बसलेले असते, म्हणजे साधारण दर चौथी उडी त्याच्याच अंगावर पडणार. तेवढे पाकीट वाया जाते आणि पुढच्या उडीनंतर पुन्हा पाठवले जाते. २००३ च्या १.२ आवृत्तीपासून ब्लूटूथ खराब चॅनलांची नोंद ठेवून ते वगळू लागले. मात्र किमान २० चॅनल वापरात ठेवण्याचे बंधन आहे.

याच तंत्राभोवती हेडी लमारची कथा फिरते. या हॉलिवूड अभिनेत्रीने वाय-फाय आणि जीपीएसचा शोध लावला, असे सर्रास सांगितले जाते. खरी गोष्ट त्याहून वेगळी आणि अधिक रंजक आहे. लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना ११ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिकी पेटंट मिळाले. पाणतीराला रेडिओने दिशा देताना शत्रूला अडथळा आणता येऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना स्वयंचलित पियानोसारख्या भोकांच्या पट्ट्या एकाच वेगाने फिरवायच्या आणि वारंवारता बदलत न्यायची, ही कल्पना. वारंवारतांची संख्या पियानोच्या पट्ट्यांइतकीच, ८८. युद्धकाळात अमेरिकी नौदलाने ती वापरात आणली नाही. वारंवारता बदलण्याची कल्पनाही त्याआधीची होती. विलेम ब्रुर्टियेस यांना तिचे पेटंट १९३२ मध्येच मिळाले होते. जीपीएस तर उड्या मारतच नाही. लमारचे श्रेय खरे आहे, पण ते एका कल्पक पेटंटाचे आहे.

सीडीएमए मोबाइलमध्ये प्रत्येक फोनला वेगळा कोड मिळे आणि सगळे एकाच पट्ट्यात एकाच वेळी बोलत. रिलायन्स आणि टाटा इंडिकॉमच्या फोनमुळे भारतात हे नाव घरोघरी पोहोचले. कोड वेगळे म्हणजे ग्राहक कितीही, असा अर्थ काहींनी काढला. वस्तुतः प्रत्येक नवा फोन इतरांसाठी थोडा गोंगाटच असतो. त्यातही टॉवरजवळचा फोन दूरच्यापेक्षा लाखपटींनी जोरात ऐकू येऊ शकतो आणि तो दूरच्याला गाडून टाकतो. म्हणून टॉवर प्रत्येक फोनला सेकंदाला ८०० वेळा शक्ती वाढव किंवा घटव असा हुकूम देत असे.

आजचे वाय-फाय आणि ४जी यांना सरसकट स्प्रेड स्पेक्ट्रम म्हणणेही चूक. १९९७ च्या पहिल्या वाय-फाय मानकात ११ चिपांचा कोड होता, पण तो सर्वांना एकच, म्हणजे शेजाऱ्यापासून वेगळे होण्याची सोय त्यात नव्हतीच. पुढची मानके ओएफडीएमकडे वळली. त्यात संदेश अनेक अरुंद उपवाहकांवर वाटला जातो. पट्टा रुंद दिसला तरी तो वेगासाठी वापरलेला असतो, प्रक्रिया-लाभासाठी नव्हे.

इतका विरळ सिग्नल कोणाच्या वाटेत येत नाही, हा समज घरगुती उपकरणांपुरता बराचसा खरा आहे. रेडिओ खगोलशास्त्राला तो लागू पडत नाही. पुणे जिल्ह्यात खोडदजवळच्या जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. तिचा सर्वांत वरचा पट्टा साधारण १,००० ते १,४५० मेगाहर्ट्झचा, आणि जीपीएस व नाविक या दोघांचेही ११७६.४५ मेगाहर्ट्झवरचे सिग्नल त्यातच येतात. दीर्घिकांकडून येणाऱ्या लहरी उपग्रहांच्या सिग्नलहूनही कितीतरी क्षीण असतात. अरुंद पट्ट्यातला व्यत्यय असता तर एक-दोन चॅनल गाळून काम भागले असते. पसरलेल्या सिग्नलपायी मात्र कित्येक मेगाहर्ट्झची सलग पट्टीच बाजूला ठेवण्याची वेळ येते.