मंत्रिमहोदय, उत्तर द्या!

पहिल्या पाळीचा कामगार दुपारी घरी येतो. हातपाय धुऊन चहाचा कप हातात घेतो, तोवर टीव्हीवर अधिवेशनाच्या बातम्या लागतात. विरोधी बाकांवरची मंडळी उभी राहून बोलत आहेत, अध्यक्ष घंटा वाजवत आहेत, मंत्री कागद चाळत आहेत. घरातली माउली वैतागून म्हणते, "हे काय नुसते भांडतात! यांच्या भांडणाने आपल्या चुलीला काय मिळणार?" आणि चॅनेल बदलले जाते.

पिंपरीच्या वस्त्यांपासून चाकणच्या भाड्याच्या खोल्यांपर्यंत हा प्रसंग घरोघर घडतो. त्या माउलीचा प्रश्न रास्त आहे. पण ज्याला आपण भांडण म्हणतो, तो पुष्कळदा आपल्याच हिशेबाचा जाब असतो. सरकारला भर सभेत उभे करून "उत्तर द्या" म्हणण्याचा हक्क आपल्याला फुकट मिळालेला नाही.

हा हक्क आपल्याला परकाही नाही. संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी आठवण करून दिली होती, की संसदीय कामकाजाचे नियम भारताला नवे नाहीत. ठराव, गणपूर्ती, मतदान हे सारे भिक्खू संघाच्या सभांना ठाऊक होते. आणि आपल्या धम्मात प्रश्न विचारणे हा उद्धटपणा कधीच मानला गेला नाही. मिलिंद राजाने प्रश्न विचारले आणि भन्ते नागसेनांनी उत्तरे दिली. बाबासाहेबांनी औरंगाबादला काढलेल्या कॉलेजला मिलिंदाचेच नाव आहे.

एकच माणूस, दोन्ही बाकांवर

विरोधी सदस्याने कसे विचारावे आणि मंत्र्याने कसे उत्तर द्यावे, या दोन्हींचे धडे आपल्याला एकाच माणसाच्या जीवनात सापडतात.

१९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून बाबासाहेब मुंबईच्या विधानसभेत गेले. समोर बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ होते. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी कोकणातली खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ ला कोकणचे शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चाने आले. आत बाबासाहेब आणि बाहेर शेतकरी! तेव्हा विधेयक मंजूर झाले नाही. पण १९४९ मध्ये खोती रद्द करणारा कायदा झालाच. त्याच वर्षी, म्हणजे १९३८ मध्ये, सरकारने औद्योगिक कलहाचे विधेयक आणले आणि काही परिस्थितीत संप हा गुन्हा ठरवला. बाबासाहेब कडाडून विरोधात उभे राहिले. संपाला गुन्हा ठरवणे म्हणजे कामगाराला गुलाम करणे, असे त्यांचे म्हणणे होते. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत एक दिवसाचा संप झाला. कायदा थांबला नाही, पण कामगारांची बाजू सभागृहाच्या कामकाजात कायमची नोंदली गेली.

पुढे १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. आता बाक बदलले होते. केंद्रीय विधिमंडळात कामगारांच्या बाजूने बोलायला ना. म. जोशी होते. जाब विचारणारा मराठी, उत्तर देणाराही मराठी, आणि दोघेही कामगारांचेच हितचिंतक!

महायुद्धाच्या काळात कोळसा कमी पडला, म्हणून १९४३ मध्ये खाणीत जमिनीखाली स्त्रियांना काम देण्यावरची बंदी सरकारने उठवली. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेची बाजू ज्यांनी मांडली, त्यांच्याच खात्याचा हा निर्णय होता. फेब्रुवारी १९४४ मध्ये तहकुबीची सूचना आली आणि बाबासाहेबांना जाब विचारला गेला. त्यांनी टाळाटाळ केली नाही. कोळशाची निकड किती हे सांगितले, ही व्यवस्था तात्पुरती आहे हे सांगितले, आणि स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल हेही सभागृहापुढे सांगितले. १९४६ मध्ये ती बंदी पुन्हा लागू झाली.

महाराष्ट्र शासनाने काढलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या दहाव्या खंडात त्या काळातली प्रश्नोत्तरे पानोपानी छापली आहेत. ती वाचली म्हणजे कळते, की विचारणाऱ्यावर न चिडता उत्तर देणारा मंत्री कसा असतो. बाबासाहेबांनाही प्रश्न विचारले गेले आणि त्यांनी उत्तरे दिली. मग आजचा कोणता मंत्री प्रश्नाहून मोठा?

आपल्या खेडचा आवाज

चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्या खेडच्या नावाचा लोकसभा मतदारसंघ होता. १९५७ साली तेथून शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे बाळासाहेब साळुंके निवडून आले. नाशिकहून दादासाहेब गायकवाड आणि कोपरगावहून बापूसाहेब कांबळे हेही त्याच लोकसभेत होते. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला जेमतेम काही महिने झाले होते. समाज पोरका झाला होता, पण मुका झाला नव्हता.

धर्मांतरानंतर बौद्धांच्या केंद्राच्या सवलती गेल्या. १९६० मध्ये महाराष्ट्राने राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण दिल्लीचे दार बंदच होते. रिपब्लिकन खासदारांनी हा प्रश्न पुन्हा पुन्हा मांडला, रस्त्यावर सत्याग्रह झाले, हजारो लोक तुरुंगात गेले. अखेर १९९० मध्ये व्ही. पी. सिंग सरकारच्या काळात कायदा बदलला. चौतीस वर्षे लागली! एका पिढीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या पिढीच्या हातात पडले. आज केंद्राच्या नोकरीत असलेल्या आपल्या कित्येक मुलांच्या मागे तो प्रश्न उभा आहे.

हा तास कसा चालतो?

लोकसभेत सकाळी ११ ते १२ हा प्रश्नोत्तराचा तास. खासदाराला किमान पंधरा दिवस आधी लेखी प्रश्न द्यावा लागतो. तारांकित प्रश्नाला मंत्री उभे राहून तोंडी उत्तर देतात. असे वीस प्रश्न एका दिवसाच्या यादीत असतात. अतारांकित प्रश्नांना फक्त लेखी उत्तर मिळते, त्यांची संख्या दिवसाला २३० पर्यंत. आपल्या विधानसभेतही तारांकित, अतारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सूचना असतात.

खरी धार असते पुरवणी प्रश्नाला. लेखी उत्तर खात्यातले अधिकारी तयार करून देतात. पण "मग कारवाई कधी करणार?" असा पुरवणी प्रश्न आला, की मंत्र्याला स्वतः बोलावे लागते. तेथे दिलेले आश्वासन हवेत विरत नाही. ते पुरे झाले की नाही, हे पाहायला सभागृहाची आश्वासन समिती असते.

तास बंद पडला तेव्हा

सप्टेंबर २०२०. कोरोनाचे कारण देऊन संसदेच्या त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास ठेवला नाही. लेखी उत्तरे तेवढी चालू राहिली. १४ सप्टेंबर रोजी कामगार मंत्रालयाने लोकसभेत लेखी उत्तर दिले, की टाळेबंदीत गावी जाताना किती स्थलांतरित मजूर मेले, याची नोंदच नाही. नोंद नाही, म्हणून भरपाईचा प्रश्नच नाही! चाकण, भोसरी, तळवडे येथून बिऱ्हाड डोक्यावर घेऊन निघालेली माणसे आपण डोळ्यांनी पाहिली. "नोंद का ठेवली नाही?" हा पुरवणी प्रश्न तेव्हा मंत्र्यांना समोरासमोर विचारता आला नाही, कारण तो तासच नव्हता.

त्याच अधिवेशनात २२ आणि २३ सप्टेंबरला तीन कामगार संहिता मंजूर झाल्या. विरोधकांनी बहिष्कार टाकल्यामुळे त्यांची बाके रिकामी होती. पूर्वी शंभर कामगार असलेल्या कारखान्याला कपात करायची तर सरकारची परवानगी लागे, ती मर्यादा तीनशेवर गेली. संपासाठी आधी नोटीस देणे सर्वच उद्योगांना बंधनकारक झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या संहिता लागू झाल्या. १९३८ साली अशाच विधेयकाविरुद्ध बाबासाहेब तासन्‌तास बोलले होते. म्हणून विरोधकांनाही विचारले पाहिजे, की सभात्याग करून कामगाराच्या पदरात काय पडले?

डिसेंबर २०२३ मध्ये तर संसदेच्या दोन्ही सभागृहांतून मिळून १४६ विरोधी खासदार निलंबित झाले. संसदेत घुसखोरी कशी झाली, यावर गृहमंत्र्यांनी निवेदन करावे, एवढी त्यांची मागणी होती. ज्या शिरूर मतदारसंघात चाकण आणि भोसरी येतात, तेथील खासदार डॉ. अमोल कोल्हे हेही त्यांत होते. निलंबित खासदारांचे प्रश्न यादीतून वगळले गेले. खासदार बाहेर गेला, म्हणजे त्याच्या मतदारांचा प्रश्नही बाहेर गेला.

शब्द चुकला की उत्तर शून्य

आता एक कडू गोष्ट. जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत मल्लिकार्जुन खर्गे यांच्या प्रश्नावर राज्यमंत्री रामदास आठवले यांनी उत्तर दिले, की हाताने मैला उचलताना एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही. त्याच खात्याने फेब्रुवारी २०२१ मध्ये लोकसभेत सांगितले होते, की गटारे आणि सेप्टिक टँक साफ करताना पाच वर्षांत ३४० जण मरण पावले. दोन्ही उत्तरे एकाच खात्याची! यातली मेख अशी, की २०१३ च्या कायद्यात मैला उचलणे आणि गटाराची धोकादायक सफाई यांची व्याख्या वेगवेगळी आहे. एका शब्दाच्या आड शेकडो बायकांचे कुंकू पुसले गेलेले झाकले गेले. उत्तर देणारा मंत्री आपल्याच चळवळीतून गेलेला होता, याचे दुःख अधिक.

यातून शिकायचे ते हे, की प्रश्न नेमका हवा. संताप पुरेसा नाही.

विहारातली वही

८ डिसेंबर २०२३ रोजी तळवड्यात केकवर लावायच्या फुलबाज्यांच्या कारखान्यात आग लागली. सहा कामकरी बायका त्याच दिवशी गेल्या, पुढे आकडा वाढला. तेव्हा नागपूरला हिवाळी अधिवेशन चालू होते. अशा वेळी विचारायचे ते इतकेच : परवाना होता का? शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली? किती बायकांची ईएसआय नोंद होती?

हे प्रश्न आमदाराला आपोआप सुचत नाहीत. ते वस्तीतून जावे लागतात. म्हणून प्रत्येक बुद्धविहारात एक वही ठेवावी. कोणत्या कारखान्यात ठेकेदाराने पगारातून फंड कापला आणि भरला नाही, कोणाचे बोट प्रेसमध्ये गेले, कोणत्या तारखेला तक्रार दिली, तिचा क्रमांक काय, हे सारे आपल्या मुला-मुलींनी लिहून ठेवावे. फंड आणि ईएसआय हा विषय दिल्लीचा, तो खासदाराकडे द्यावा. कारखान्याची सुरक्षितता आणि तपासणी हा राज्याचा, तो आमदाराकडे. पाणी, गटार, कचरा महापालिकेचा, तो नगरसेवकाकडे. पिंपरी-चिंचवडमध्ये मार्च २०२२ नंतर जवळपास चार वर्षे निवडून आलेले सभागृहच नव्हते, प्रशासकाचा कारभार होता. सभागृह नसले, की नळाला पाणी का नाही हे भर सभेत विचारायला माणूसच राहत नाही.

आणि आपला प्रतिनिधी ऐकत नसेल, तर दुसऱ्या कोणत्याही आमदार-खासदाराला गाठावे. प्रश्न विचारायला मतदारसंघाची भिंत आड येत नाही.

पुढच्या वेळी टीव्हीवर कोणी उभा राहून "मंत्रिमहोदय, उत्तर द्या" म्हणेल, तेव्हा चॅनेल बदलू नका. तो काय विचारतो ते ऐका. मंत्री काय टाळतो ते ऐका. आणि त्या प्रश्नांत आपल्या वस्तीचा एकही प्रश्न नसेल, तर येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर ती वही उघडा.

जय भीम!