सोयाबीनच्या गाठी आणि उसाचा बेवड

हातकणंगले तालुक्यात पुष्कळ जण खरिपात सोयाबीन घेतात आणि ते निघाल्यावर त्याच रानात ऊस लावतात. उसाला सोयाबीनचा बेवड मानवतो, हे खरंच आहे. पण त्याचं कारण सांगताना गफलत होते.

पेरणीनंतर महिन्या-सव्वा महिन्यानं एक रोप मातीसकट खणून काढा आणि मुळं पाण्यात हलवून धुवा. बारीक गाठी दिसल्या की काहींना वाटतं, सूत्रकृमी लागला. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मुळाचाच फुगलेला भाग, ती सुटी होत नाही. नत्र बांधणाऱ्या रायझोबियम जिवाणूंची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते आणि नखानं ढकलली की निघते. ती चिरून पाहा. आतून गुलाबी-लाल असेल तर काम चालू आहे. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातला. नत्र बांधणारं विकर ऑक्सिजननं निकामी होतं, म्हणून हे द्रव्य जिवाणूंना श्वासापुरताच ऑक्सिजन मोजून देतं. आतून पांढरी किंवा हिरवी गाठ नत्र देत नाही. तेव्हा नुसत्या गाठी मोजून भागत नाही.

युरिया जास्त टाकला तर गाठी वाढतील, हाही गैरसमज. हवेत ७८ टक्के नत्र असला तरी तो पिकाला थेट घेता येत नाही. जिवाणू तो बांधून देतात आणि बदल्यात पिकाकडून साखर घेतात. मातीत आयता नत्र मिळाला की पीक हा खर्च टाळतं, गाठी कमी धरतात.

सगळ्यात महाग पडणारा समज म्हणजे सोयाबीननं रान नत्रानं भरून ठेवलं, आता उसाला खत कमी चालेल. हिशोब करा. दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिनं, म्हणजे क्विंटलमागे जवळपास ६ किलो नत्र पोत्यातून बाजारात जातो. रानाला उरतो तो गळलेला पाला, मुळं आणि गाठी यांतला. ज्वारी-मक्यापेक्षा सोयाबीन जमिनीतून नत्र कमी ओढतं, हा बेवडाचा दुसरा फायदा. उसाचा डोस मात्र माती तपासूनच ठरवावा.

जिवाणूंचं पाकीटही पिकागणिक वेगळं. सोयाबीनचं भुईमुगाला लावून उपयोग नाही. बियाण्याला आधी बुरशीनाशक, ते सुकल्यावर जिवाणू, मग सावलीत वाळवून लगेच पेरणी. उन्हात वाळवलं तर जिवाणू मरतात.

आणि मळणीनंतर भुसकट बांधावर पेटवू नका. त्यातला नत्र धुरासोबत जातो. ते उसाच्या सरीत पसरा.