वृद्धाश्रमातल्या नोकरीला लेक धाडताय? जरा थांबा

व्यायल्यावर म्हैस बसली की आपण काय करतो? तिला तशीच पडू देत नाही. डॉक्टर येईपर्यंत खाली जाड पेंढा सारतो, चार माणसं लावून तिची कूस बदलतो. एकाच अंगावर पडून राहिली तर त्या बाजूचं कातडं जातं, पाय बधिर होतो, आणि मग औषध देऊनही जनावर उठायला जड जातं. हे शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. आता सांगा, अंथरुणाला खिळलेल्या आपल्या म्हातारीची कूस दिवसातून किती वेळा बदलली जाते?

प्रश्न मुद्दामच विचारला. ज्या कामाला आपल्या पारावर 'म्हाताऱ्यांची घाण काढायचं काम' म्हणून नाक मुरडलं जातं, त्याचं निम्मं कसब या एका गोष्टीत आहे. पुणे, नाशिक, ठाणे-मुंबईकडच्या वृद्धाश्रमांत नि शुश्रूषा केंद्रांत आज खेड्यापाड्यांतल्या कितीतरी बाया-मुली हे काम करतात. कागदावर त्या रुग्ण सहायक किंवा परिचर, तोंडी मात्र नुसत्या 'मावशी'. घरी परत आल्या की काय काम करतो हे सांगायला त्या लाजतात. लाजायचं काय त्यात?

सकाळी पाळी बदलताना रात्रपाळीची बाई एकेका खाटेचा हिशेब देते. कोण जेवलं नाही, कोण रात्रभर जागं होतं, कुणाची लघवी गढूळ झाली. मग तोंड धुणं, कवळी साफ करणं, अंग पुसणं, डायपर बदलणं. अंग पुसताना नजर लागते ती माकडहाडावर, खुब्यावर आणि टाचांवर. तिथं लाल डाग दिसला आणि बोटानं दाबूनही तो फिका पडला नाही, तर जखमेची सुरुवात झाली समजायचं. आपल्याकडं अशा जागी तेल नाहीतर पावडर लावून खसाखसा चोळतात. तसं अजिबात करू नये, आतलं मांस आणखी दुखावतं. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, त्या जागेवरचा भार काढायचा. हवेची गादी आणली म्हणजे यातून सुटका झाली, असंही नाही.

भरवायचंही एक तंत्र आहे. आडवं ठेवून पाणी पाजलं तर ते श्वासनळीत उतरतं आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून बसवून भरवायचं, पहिला घास गिळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही, जेवणानंतर अर्धा तास तसंच बसतं ठेवायचं. आणि विसरभोळेपणाचा आजार झालेल्या म्हाताऱ्याशी वाद घालायचा नाही. आयुष्यभर शेती केलेला माणूस रात्री दोनला उठून 'बैलं सोडायची राहिलीत' म्हणू लागला, तर 'आता कुठली बैलं?' म्हणून त्याला गप्प करू नये. बैलांची नावं काय होती, कोणता डावा, कोणता उजवा, असं विचारत परत खाटेवर आणावं. हे खेड्यातल्या पोरीला जितकं सहज जमेल तितकं दुसऱ्या कुणाला जमेल?

आता दुसरी बाजू ऐका. एस.टी. स्टँडवर 'सहा महिन्यांत नर्स व्हा' अशा जाहिराती चिकटवलेल्या असतात. त्यांना भुलू नका. ए.एन.एम.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि जी.एन.एम.चा तीन वर्षांचा, शिवाय परिचर्या परिषदेकडं नोंदणी लागते. काही महिन्यांचा कोर्स केलेली मुलगी सहायक असते, नर्स नव्हे. इंजेक्शन देणं, सलाईन लावणं, गोळीचा डोस कमी-जास्त करणं हे तिचं काम नाही. रात्री माणूस कमी पडला की काही ठिकाणी हेच तिच्या गळ्यात घालतात आणि बरंवाईट झालं की बोटही तिच्याकडंच. तिनं पहिल्या दिवसापासून नाही म्हणायला शिकलं पाहिजे.

एजंट गावात आला तर त्याला ओसरीवर बसवून नीट विचारा. पाळी आठ तासांची की बारा? रात्री एका बाईकडं किती खाटा? आठवड्याची सुटी कधी? पगार मुलीच्या खात्यावर जमा होणार की एजंटच्या हातून येणार, आणि त्यातलं कमिशन किती? फंड, ईएसआयसी आहे का? नेमणुकीचा कागद मागून घ्या. शाळेचे मूळ दाखले मात्र कुणाच्याही ताब्यात देऊ नका, झेरॉक्स द्या. एकदा मूळ कागद अडकले की नोकरी सोडताना पोरीची कोंडी होते. पाठीचंही बघा. पोतं उचलताना आपण गुडघे वाकवतो, तसंच इथं. भारी माणूस एकटीनं ओढायचा नाही, दोघींनी चादरीनं सरकवायचा. हातमोजे आणि कावीळ ब ची लस मिळणार का, हेही विचारलेलं बरं.

सरपंच आणि पोलीस पाटलांनी एक करावं. गावातल्या कोणत्या मुली कुठं गेल्या, कुणामार्फत गेल्या, तिथला पत्ता, फोन, एवढं एका वहीत लिहून ठेवावं. कामाच्या जागी त्रास झाला तर २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत तक्रार समिती असलीच पाहिजे. त्याहून लहान जागा असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाता येतं. महिलांसाठी १८१ हा नंबर आहे. तो मुलीला पाठ करून द्या, मोबाईल हरवू शकतो.

आणि दिवाळीला ती चार दिवस घरी आली की नुसती चकली पुढं करू नका. ओसरीवरच्या आजीच्या टाचा तिला एकदा दाखवा.