उजेडाचा चिमटा

आमटीवर तेलाचे दोन गोल थेंब तरंगत असले, की चमच्याच्या टोकाने ते एकमेकांकडे ढकलून बघा. टेकले की झाले एक! लहानपणी मी हा खेळ आमटी गार होईपर्यंत खेळायचो आणि बोलणी खायचो.

आता पाण्यातले दोन बुडबुडे घेऊ. हवेचे नव्हेत, आतही पाणीच. भिंत तेवढी लिपिड नावाच्या स्निग्ध रेणूंची. या रेणूचं डोकं पाण्याला धरून राहणारं, शेपट्या मात्र पाण्यापासून पळणाऱ्या. पाण्यात सोडले की हे रेणू आपणहून दोन थर करतात, शेपट्या आत लपवतात आणि तो पडदा वळून गोल मिटतो. शिवणारा कुणी नाही! भिंतीची जाडी सुमारे ५ नॅनोमीटर. म्हणजे २० मायक्रॉनचा बुडबुडा ४ मीटरच्या खोलीएवढा फुगवून दाखवला, तर त्या प्रमाणात भिंत भरेल जेमतेम १ मिलिमीटर. तुमच्याआमच्या प्रत्येक पेशीची वेस याच मालाची असते.

हे दोन बुडबुडे टेकवले, तर? काहीच होत नाही. डोक्यांना बिलगलेला पाण्याचा पातळ थर मध्ये येतो आणि दोघं शेजारी राहूनही वेगळेच राहतात. बरंच आहे म्हणा. नाहीतर शेजारशेजारच्या पेशी मिसळून आपलं केव्हाच थारोळं झालं असतं.

पण हे बुडबुडे मुद्दाम जोडायचेच म्हटलं, तर मुळात इतक्या नाजूक वस्तू हलवायच्या कशाने? उजेडाने!

प्रकाशाला वस्तुमान नाही, धक्का मात्र आहे. वल्ह्याने पाणी मागे लोटलं की होडी पुढे सरकते ना? तसंच इथे. पारदर्शक कणातून जाताना प्रकाश वळतो. तो एकीकडे वळला की कण दुसरीकडे ढकलला जातो. लेसरचा झोत भिंगाने एका बिंदूत गोळा केला, तर या ढकलाढकलीचा हिशेब असा जुळतो की कण पळून न जाता त्या झगझगीत बिंदूकडेच ओढला जातो. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये आर्थर ॲश्किन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये हा एका झोताचा चिमटा करून दाखवला. २०१८ मध्ये ॲश्किन यांना नोबेल मिळालं, तेव्हा ते ९६ वर्षांचे होते.

पण आत पाणी आणि बाहेरही पाणी, तर प्रकाश वळेल कशाला? इथली युक्ती मला फार आवडते. बुडबुड्याच्या आत भरायची आपली चहातली साखर आणि बाहेर ग्लुकोज. रेणूंची संख्या दोन्हीकडे सारखी ठेवायची, म्हणजे बुडबुडा फुगत नाही की सुकत नाही. पण साखरेचा रेणू ग्लुकोजच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा, त्यामुळे आतलं पाणी प्रकाशाला जास्त वळवतं. एवढ्याशा फरकावर चिमटा पकड घेतो. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये असे बुडबुडे लेसरने एकेक ओढून शेजारी मांडले आणि त्यांच्या हव्या तशा रचना केल्या.

राहिला मधला पडदा. तिथे कामी येतं सोनं. सोन्याचा नॅनोकण दोन बुडबुड्यांच्या सांध्यावर नेऊन ठेवायचा आणि त्यावर अवरक्त लेसर रोखायचा. पाणी आणि लिपिड हा प्रकाश बहुतांशी सोडून देतात. सोनं मात्र क्षणात तापतं. आच इतकी नेमकी, की कणापासून जरा दूर गेलं की पाणी पुन्हा गारच. त्या टिचभर जागेत लिपिडच्या रांगा विस्कटतात आणि पुन्हा जुळताना शेजाऱ्याचे रेणू हाती धरतात. कोपनहेगनच्या नील्स बोर संस्थेत २०१५ मध्ये असेच बुडबुडे जोडले गेले. भिंती मिसळल्या, आतला ऐवजही मिसळला.

सूक्ष्मदर्शकाखाली आधी इंग्रजी आठाचा आकडा दिसतो, मग त्याची कंबर सुटते आणि उरतो एकच गोळा. पण तो पूर्वीसारखा टणटणीत नसतो. दोन सारख्या पिशव्यांचं सगळं कापड वापरून एकच गोल पिशवी शिवली, तर तिच्यात दोघींच्या मिळून मालापेक्षा सुमारे ४० टक्के जास्त माल मावेल. इथे माल मात्र दोघींपुरताच. म्हणून तो नवा बुडबुडा ढगळ झब्ब्यासारखा लुळा पडतो आणि पाण्यात हेलकावत राहतो.