पाण्याबाहेरचे कुटुंब : जलतरणाच्या कथनातील ऋणाचा प्रश्न

स्पर्धात्मक जलतरण हा वरवर पाहता एकट्याचा खेळ. त्याची पूर्वतयारी मात्र संपूर्ण घराला करावी लागते. चेन्नईतील गिंडीलगतच्या वेळचेरी येथे १९९५ च्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धांसाठी उभारलेले जलतरण संकुल आहे. अशा पन्नास मीटर लांबीच्या तलावांशी बांधलेला दिनक्रम सर्वत्र साधारण सारखाच असतो : शाळेपूर्वी एक सराव, शाळेनंतर दुसरा, त्यांच्या आगेमागे ने-आण, डबे, बुडालेला अभ्यास आणि परगावच्या स्पर्धा. सराव थोडा जरी खंडित झाला तरी पाण्यावरची पकड सैल होते; म्हणून सुट्ट्या, लग्नकार्ये, भावंडांच्या गरजा मागे पडतात. घराने वर्षे द्यावीत आणि त्यांचा हिशेब सेकंदाच्या शतांशात व्हावा, ही या खेळातील मूलभूत विसंगती होय.

या देण्याच्या तीन रीती दिसतात. पहिलीत पालकच आधारस्तंभ होतो. तमिळनाडूतील नेय्वेली येथे वाढलेल्या साजन प्रकाशला त्याच्या आईने, स्वतः धावपटू असलेल्या व्ही. जे. शांतीमोल यांनी, नोकरी सांभाळून एकटीने घडविले. २०२१ मध्ये रोम येथे २०० मीटर बटरफ्लाय शर्यतीत १ मिनिट ५६.३८ सेकंद ही वेळ नोंदवून ऑलिंपिकचा ‘अ’ निकष गाठणारा तो पहिला भारतीय जलतरणपटू ठरला. निकष अवघ्या दशांश सेकंदाने पार झाला होता. दुसऱ्या रीतीत मूल घर सोडते. कोल्हापूरचा वीरधवल खाडे बंगळूरला प्रशिक्षण घेऊन सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकमध्ये उतरला आणि २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत त्याने कांस्यपदक मिळविले. तिसरीत घरच मुलामागे जाते. कोल्हापुरात शिकलेले तमिळ-हिंदी अभिनेते आर. माधवन व त्यांच्या पत्नी सरिता, करोनाकाळात मुंबईतील मोठे तलाव बंद असल्याने, मुलगा वेदांत याच्या सरावासाठी दुबईला गेले. ही तिसरी रीत किती घरांना परवडेल, हे सांगण्याची गरज नाही.

जिथे यांपैकी काहीच शक्य नसते, तिथे काय घडते, हा मोती नंदी यांच्या ‘कोनी’ या बंगाली कादंबरीचा विषय आहे. कोनीचा थोरला भाऊ क्षयाने मरतो. घरात अन्नाचीच वानवा. प्रशिक्षक क्षितीश तिला जेवू घालतो, पत्नीच्या शिवणकामाच्या दुकानात काम देतो आणि कोनीच्या तोंडी ‘खिद्दा’, म्हणजे दादा, होतो. प्रशिक्षणाचा करार इथे नात्याच्या भाषेत मांडला जातो. श्रीमंत घरच्या हिया मित्रची योजनाही याच विरोधासाठी आहे. कादंबरीतील निर्णायक राष्ट्रीय स्पर्धा मद्रासला होते आणि तिथली प्रतिस्पर्धी महाराष्ट्राची रमा जोशी आहे. कोनीमागचे घर वाचकाला अंतर्बाह्य दिसते, रमामागचे मात्र मुळीच दिसत नाही. कथन ज्या बाजूने उभे राहते, त्याच बाजूचा त्याग दृश्य होतो.

ख्रिस्तोस त्सिओल्कास यांची ‘बाराकुडा’ (२०१३) ही ऑस्ट्रेलियन कादंबरी नेमकी दुसरी बाजू उघडते. ट्रकचालक वडील आणि केशकर्तन करणारी आई यांचा मुलगा डॅनी शिष्यवृत्तीवर उच्चभ्रू शाळेत जातो. घर त्याच्याभोवती फिरू लागते, भावंडे मागे राहतात. मोठ्या स्पर्धेत तो हरतो आणि हरण्याची लाज त्याला हिंसेपर्यंत, पुढे तुरुंगापर्यंत नेते. आईवडिलांनी दिलेले प्रेम त्याला न फेडता येणाऱ्या कर्जासारखे वाटत राहते.

दोन्ही संहिता एकत्र वाचल्या म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. ‘कोनी’त विजय ऋण फेडतो, म्हणून त्याग सार्थ ठरतो, ‘बाराकुडा’त विजय नाही, म्हणून त्याग प्रश्न होऊन उरतो. वर्तमानपत्री यशोगाथा पहिल्याच साच्यात बसतात, कारण पालकांच्या पहाटा पदक मिळाल्यानंतरच सांगितल्या जातात. वस्तुतः तलावावर येणारी बहुतांश मुले पदकाविना पोहणे सोडतात आणि त्यांच्याही घरांनी तितक्याच पहाटा दिलेल्या असतात. त्या घरांना कथन मिळणे हा केवळ साहित्यिक प्रश्न नाही. दिलेले परत मागितले जाणार नाही, असे मुलाला सांगता येणे त्यावर अवलंबून आहे.